संगणकाची पहिली हजेरी



संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत जे कांहीं क्षण जातात, ते आपण बहुधा कंटाळून घालवितों. त्या क्षणांत आंत काय चालतें, हें आज मला आपणांस सांगावयाचें आहे. सारा जन्म वर्गांत हजेरी घेण्यांत गेलेल्या मजसारख्या शिक्षकास त्याचें विशेष कौतुक वाटतें. कारण तेंही एका अर्थीं हजेरीचेंच काम आहे.

चालूं होतांक्षणीं संगणकाचा प्रोसेसर अगदीं अजाण असतो. एका ठराविक ठिकाणची पहिली आज्ञा वाचावयाची, इतकेंच त्याला ठाऊक. तेथें एका चिपमध्यें कायमची साठविलेली आज्ञावली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत तिचें नांव बायोस, नव्यांत यूईएफआय. चित्र दाखविणारें कार्ड, जाळ्याशीं जोडणारें कार्ड, माहिती साठविणारें साधन, हीं सर्व ज्या सामायिक मार्गावर बसविलेलीं असतात, त्यास बस म्हणतात. बसवर आज कोण हजर आहे, कोणास किती जागा हवी व ती कोठें द्यावयाची, हें फर्मवेअरनें ठरवावयाचें असतें.

पूर्वी हा भार माणसावर होता. १९८१ सालीं निघालेल्या आय. बी. एम. कंपनीच्या वैयक्तिक संगणकांत कार्डावरील बारीक स्विच व जंपर हातानें बसवून त्याचा पत्ता ठरवावा लागे. दोन कार्डांस एकच पत्ता गेला, तर एकाच बांधावर हक्क सांगणाऱ्या दोघां भाऊबंदांप्रमाणें दोन्हीं अडून बसत. १९९२ सालीं इंटेल कंपनीनें पीसीआय ही बस पुढें आणली. आजची पीसीआय एक्स्प्रेस ही तिचीच वारस. आपली ओळख व गरज साधनानेंच सांगावी, असा नियम तिनें घालून दिला.

पण ज्यास अद्याप पत्ताच नाहीं, त्यास हांक मारावयाची कशी? शाळेच्या पहिल्या दिवशीं मुलांचीं नांवें ठाऊक नसतात. तेव्हां शिक्षक ‘दुसऱ्या बाकावरचा पहिला’ असें म्हणून मुलास उभें करतात. येथेंही हांक जागेवरूनच मारतात. बसचे क्रमांक २५६ पर्यंत, एका बसवर जागा ३२, आणि एका जागीं कामें आठपर्यंत. फर्मवेअर प्रत्येक जागेस तिच्या निर्मात्याचा क्रमांक विचारतें. इंटेलनें आपल्यासाठीं षोडशमान पद्धतींतील ८०८६ हा आंकडा घेतला आहे. त्याच नांवाचा तिचा प्रोसेसर १९७८ सालीं निघाला होता. जागा रिकामी असेल तर उत्तरादाखल सर्व एकच एक येतात, म्हणजे ६५५३५. हा आंकडा कोणाही निर्मात्यास दिलेला नाहीं. अशा रीतीनें मौन हेंही निश्चित उत्तर ठरतें.

एका बसवर सर्वांची सोय होत नाहीं. म्हणून कांहीं जागीं साधनाऐवजीं पूल असतो आणि पलीकडे दुसरी बस. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील श्रोत्यांस हें प्रवरेच्या कालव्यांवरून चटकन् समजेल. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचें पाणी ओझरच्या बंधाऱ्यापासून डाव्या व उजव्या कालव्यांत जातें; कालव्यास चाऱ्या, चाऱ्यांस पोटचाऱ्या. शेतें मोजावयास निघालेला शहाणा माणूस एक चारी टोकापर्यंत पाहूनच दुसरीकडे वळतो. फर्मवेअरही तसेंच करतें. पूल लागला कीं पलीकडच्या बसला पुढचा क्रमांक देतें. तिच्या पोटांत आणखी किती बस आहेत हें ठाऊक नसल्यामुळें शेवटचा क्रमांक म्हणून तूर्त २५५ लिहितें, आणि टोकाहून परतल्यावर तेथें खरा आंकडा घालतें.

मग गरजेची मोजणी. प्रत्येक साधनाजवळ एक लहान नोंदवही असते. तींत मागणीचे सहापर्यंत रकाने व प्रत्येकांत ३२ घरें. फर्मवेअर सर्व घरांत १ लिहितें आणि परत वाचतें. खालच्या कांहीं घरांत साधन लिहूंच देत नाहीं. जितकीं घरें अडलीं, तितक्या वेळां दोनाचा गुणाकार करावा. २४ अडलीं तर मागणी १,६७,७७,२१६ बाइटांची, म्हणजे १६ मेगाबाइटांची. अशा साधनाची जागा १६ मेगाबाइटांच्या पटींतच सुरू व्हावी लागते. म्हणून मोठ्या मागण्या आधीं व लहान मागून भागविल्या, कीं मध्यें पडीक तुकडे कमी उरतात. वाटणी पुरी झाल्यावरच साधनाचें दार उघडावयाचें.

यंत्र कितीही मोठें असो, यांतून सुटका नाहीं. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक घडविला. तिच्या रुद्र सर्व्हरांपासून बनलेले तीन परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजीं पुणें, दिल्ली व कलकत्ता येथील संशोधनासाठीं राष्ट्रास अर्पण झाले. पुण्याचा महासंगणक आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठीं आहे. त्यांतील प्रत्येक सर्व्हरासही आकाशाचा हिशेब मांडण्याआधीं स्वतःच्या बसवरील हजेरी घ्यावीच लागते.

या व्यवस्थेंत एक उणीव आहे. साधन आपली जी ओळख सांगेल, ती खरी मानली जाते. दुसऱ्याच्या नांवानें ‘हजर’ म्हणणारा विद्यार्थी शिक्षकास आवाजावरून ओळखूं येतो; येथें तसें नाहीं. आणि एकदां परवानगी मिळाली, कीं साधन प्रोसेसरला न विचारतां स्मृतींतील मजकूर वाचूं व बदलूं शकतें. यासाठीं नव्या यंत्रांत प्रत्येक साधनास नेमून दिलेल्या भागाबाहेर जाऊं न देणारा एक पहारेकरी बसविलेला असतो. परंतु थंडरबोल्टच्या रूपानें हीच बस आतां संगणकाच्या बाहेरील खांचेपर्यंत आली आहे. तेव्हां अनोळखी माणसानें दिलेलें उपकरण त्या खांचेंत लावण्यापूर्वीं गृहस्थानें विचार करावा.

आणि एखादें कार्ड यंत्रास दिसेनासें झालें, तर तें बिघडलें म्हणून लगेच टाकून देऊं नये. तें खांचेंत नीट बसलें नसेल, तर हजेरीच्या वेळीं त्याचें उत्तर पोंचत नाहीं, व फर्मवेअर ती जागा रिकामी समजून पुढें जातें. वीज बंद करून कार्ड काढावें, नीट दाबून बसवावें, आणि यंत्रास पुन्हां एकदां हजेरी घेऊं द्यावी.