तेवीस नंबर कोण?



"पुण्यात तू नेमकं काय करतेस गं?" हा प्रश्न सकाळपासून सात-आठ जणांनी विचारला. एका कामावरून सांगते. काम आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

इथल्या एका पतसंस्थेत खातेदाराचं पान उघडलं की संगणक दहा सेकंद गप्प बसायचा. सोयाबीनचे पैसे काढायला आलेल्यांची रांग पायऱ्यांपर्यंत, आणि सगळा राग खिडकीतल्या मुलीवर. तिचा हात संथ आहे म्हणून तिला मागच्या टेबलावर पाठवायचं ठरत होतं. नव्या सर्व्हरचं कोटेशनही आलं होतं.

नेमके दहा सेकंद म्हटल्यावर मला शंका आली. लिनक्समध्ये नावाच्या चौकशीला उत्तर आलं नाही, तर पाच सेकंद थांबून पुन्हा एकदा विचारायचं, अशी मुळातली मांडणी असते. पाच दुणे दहा!

नावावरून पत्ता शोधतात, तसं पत्त्यावरून नावही शोधता येतं. त्यासाठी पत्ता उलटा लिहितात: १९२.१६८.१.२३ चा होतो २३.१.१६८.१९२, आणि पुढे 'इन-ॲडर डॉट आर्पा' हे शेपूट. गंमत अशी की १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ हेही तसेच. १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात ते राखून ठेवलेत, कुणीही आपल्या कार्यालयात वापरावेत. म्हणजे हजेरीपटच की! तेवीस नंबर प्रत्येक वर्गात असतो. बसस्टँडवर उभं राहून "तेवीस नंबर कोण?" विचारलं तर काय कळणार? वर्गशिक्षकांनाच विचारावं लागतं.

संस्थेचा सर्व्हर प्रत्येक जोडणीला समोरच्या संगणकाचं नाव विचारायचा. नवा डीएनएस बसवताना सरळ यादी आली, उलटी राहून गेली. मग प्रश्न निघाला बाहेर. बाहेर अशा भरकटलेल्या प्रश्नांसाठी एएस११२ नावाचे सर्व्हर आहेत, जगभरातल्या स्वयंसेवी संस्था ते चालवतात. ते फक्त "असं नाव नाही" एवढंच सांगतात. तेवढंही पुरलं असतं. पण फायरवॉलने प्रश्न दारातच अडवला. ना हो, ना नाही.

'डिग -एक्स' देऊन पाहिलं, बराच वेळ काहीच नाही. मग खिडकीतल्या संगणकाचा पत्ता आणि नाव सर्व्हरच्या 'होस्ट्स' फाईलमध्ये लिहिलं. तेवढाच संगणक पळायला लागला! मग डीएनएसमध्ये उलटी यादी भरली. भरताना जुन्या यादीत नावं 'उस्मानाबाद-१', 'उस्मानाबाद-२' अशी, आणि २०२३ नंतरच्या सरळ यादीत 'धाराशिव'. दोन्हीकडे एकच नाव लागतं, म्हणून तीही जुळवली.

कोटेशन फाईलला लागलं. ती मुलगी अजून खिडकीतच बसते.