आकडा वाचण्याआधी चार प्रश्न

(सोयगाव येथे विद्यार्थी आणि युवकांसमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मित्र-मैत्रिणींनो, कोरोनाकाळातल्या विज्ञान शिक्षणाबद्दल आज बोलायचं आहे. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवर पाठवली. जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पण ‘असर’च्या 2020 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या 61.8 टक्के मुलांच्याच घरी स्मार्टफोन होता. म्हणजे दहातली जवळपास चार मुलं बाहेरच राहिली. घरात फोन असला तरी तो अब्बांबरोबर कामावर जायचा.

विज्ञानाचं नुकसान आणखी वेगळं. कविता पाठ करता येते, गणित वहीत सुटतं, पण प्रयोग हातानेच करावा लागतो. खरं तर सामान घरातच होतं. हळदीच्या डागाला साबण लावा, डाग लाल होतो. साबण आम्लारिधर्मी आहे हे हळद सांगते. कोरोनाच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, साबण ते फोडतो. म्हणून हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून मुलं विज्ञान कसं शिकतात याचा अभ्यास करतं. ते ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे, तिने इतर संस्थांसोबत एप्रिल 2020 मध्ये ‘कोविडज्ञान’ हे बहुभाषिक संकेतस्थळ सुरू केलं.

पण त्या वर्षीचा विज्ञानाचा सर्वांत मोठा धडा रोजच्या बातम्यांत होता. एक साधं उदाहरण घ्या. दोन मोहल्ले आहेत. एकात 500 जणांची चाचणी केली, 50 बाधित निघाले. दुसऱ्यात फक्त 20 जणांची केली, 2 निघाले. दोन्हीकडे प्रमाण 10 टक्केच. पण बातमी काय होणार? ‘एकात 50, दुसऱ्यात 2’.

एप्रिल 2020 मध्ये नेमकं हेच घडलं. तबलिगी जमातशी संबंधित लोकांना शोधून त्यांच्या चाचण्या झाल्या आणि त्यांचे आकडे रोज वेगळे सांगितले गेले. भाजीवाल्याला नाव विचारलं जाऊ लागलं. कोविडवर एकत्र आलेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने तेव्हाच सांगितलं होतं, की उपलब्ध आकडे या आरोपाला आधार देत नाहीत. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं नोंदवलं.

न्यायालयाचा निकाल यायला काही महिने लागले. पण नववीच्या मुलीलाही त्याच संध्याकाळी विचारता आलं असतं: किती जणांची चाचणी झाली? ते कसे निवडले? बाकीच्यांची किती झाली? तुलना कुणाशी करताय?

आता हीच फूटपट्टी आपल्यालाही लावू. लस घेतल्याने मूल होत नाही, कोरोना हे थोतांड आहे, असे मेसेज आपल्याही ग्रुपवर फिरले. ते पुढे पाठवताना आपल्यातल्या किती जणांनी पुरावा मागितला? चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर ग्रॅनाडाच्या इब्न अल-खतीब यांनी अनुभव आणि निरीक्षणाच्या आधारावर संसर्ग खरा असल्याचं लिहिलं. प्रचलित धार्मिक मताच्या विरोधात जाऊनही लिहिलं. तो वारसा सांगायचा तर पेलायलाही हवा.

म्हणून एक विनंती. सोयगावात आठवड्यातून एक तास ठरवा. मोहल्ल्यातली, वाड्यातली, सगळ्या समाजांची मुलं बोलवा. वर्तमानपत्रातला एक आकडा घ्या आणि हे चार प्रश्न विचारा. याला ना इंटरनेट लागतं, ना प्रयोगशाळा. पुढची साथ आली, तर लस येईपर्यंत आपल्याला आणि शेजाऱ्यालाही हीच सवय उपयोगी पडेल.