खुर्चीवरून उठण्याची मुभा

दिवसभर ऑफिसात बसून संध्याकाळी पुन्हा इथे बसायला आलेल्या मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘कार्यालयीन जीवनातील आरोग्य आणि यश’. यातलं ‘यश’ संयोजकांनी घातलंय. मी फक्त आरोग्य म्हणालो होतो. ते फोनवर म्हणाले, “डॉक्टर, नुसत्या आरोग्याला लोक येत नाहीत.” तेव्हा यशाचंही बघू, पण बढतीची एखादी युक्ती मिळेल या आशेनं कोणी आलं असेल, तर मागचं दार उघडंच आहे.

आधी एक करा. सगळे उभे राहा. हां, कुरकुर ऐकू येतेय. काही गुडघ्यांची, काही माणसांची. दोन मिनिटं तसेच थांबा, मी बोलत राहतो. उशिरा आल्यामुळे खुर्ची न मिळालेले जे मागे भिंतीला टेकून उभे आहेत, पहिली गोष्ट त्यांच्या बाजूची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरचं लंडन. तिथे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरला हृदयविकार एवढा का वाढतोय याचं कोडं पडलं होतं. त्यानं लंडनच्या दुमजली बसगाड्या निवडल्या. एकाच गाडीवर दोन माणसं, ड्रायव्हर आणि कंडक्टर. डेपो तोच, धुकं तेच, वस्तीही साधारण सारखीच. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीभर बसून आणि कंडक्टर वर-खाली. दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या! (आपल्या बेस्टच्या दुमजली गाडीत वर एक, खाली एक असे दोन कंडक्टर असत. आपण त्यांच्या पायऱ्या वाचवल्या आणि भलं केलं असं समजलो.) हजारो माणसांची नोंद तपासून मॉरिसनं १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला: कंडक्टरला हृदयविकार कमी होतो, झालाच तर उशिरा आणि सौम्य.

लोकांनी शंका काढली, की मुळातच जाडजूड माणसं ड्रायव्हर होत असतील तर? शंका रास्त होती. मग मॉरिसनं काय केलं, तर गणवेश शिवून देणाऱ्यांच्या वह्या मिळवल्या आणि पँटींची कंबर मोजली! ड्रायव्हर खरोखरच कमरेत मोठे निघाले, अगदी तरुणपणापासून. ते त्यानं लपवलं नाही, १९५६ साली छापून टाकलं. म्हणजे शंका अंशतः खरी होती. पण त्यानं दुसरीही एक जोडी तपासली होती, ती आपल्या जास्त जवळची आहे. टपाल खात्यातले पत्रं वाटत हिंडणारे पोस्टमन, आणि त्याच खात्यातले टेबलावर बसणारे कारकून नि टेलिफोनवाले. तिथेही पारडं चालणाऱ्याच्याच बाजूला झुकलं. मॉरिस स्वतः नव्याण्णव वर्षं जगला.

बसा आता. बरं वाटलं ना बसून? तोच तर घोटाळा आहे.

मी एकतीस वर्षं कंपनी-डॉक्टर होतो. कारखाने थोडे, ऑफिसं जास्त. वार्षिक तपासणीच्या दिवशी वजनकाट्यावर चढताना लोक खिशातला मोबाइल, किल्ल्या, पाकीट सगळं काढून ठेवत, जणू दोनशे ग्रॅमचाच प्रश्न आहे. मी त्यांना ‘रोज चाला’ असं लिहून द्यायचो. बसून लिहून द्यायचो. बावन्नाव्या वर्षी माझीच साखर वाढलेली निघाली. वजन म्हणाल तर बासष्ट किलो! पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही तर काडी आहात, तुम्हाला कसा मधुमेह?”

याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा २००४ सालचा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. दोघं शेजारी उभे. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचा सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसायला सडपातळ, आतून मात्र लोण्याचे. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते आणि इन्सुलिनला दाद देत नाही. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा टेप बरी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या. पँटीचा नंबर नव्हे हं, पँट पोटाखाली घालणारे पुष्कळ आहेत. बेंबीच्या पातळीला टेप धरा आणि श्वास रोखून पोट आत घेऊ नका. ते मी एकतीस वर्षं पाहिलंय.

मग व्यायाम किती? २०१६ साली दहा लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून एक हिशेब मांडला गेला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यानं रोज तास-सव्वा तास बऱ्या वेगानं चालावं, म्हणजे बसण्याचा वाढीव धोका जवळजवळ पुसला जातो. ऐकायला छान आहे. पण बदलापूरहून सकाळची लोकल पकडून फोर्टात येणाऱ्याला, परत जाताना आधी भाजी आणि मग मुलाचा अभ्यास उरकणाऱ्या बाईला, तो सव्वा तास कुठून आणून देऊ? असा सल्ला देणाऱ्या माझ्यासारख्यांनी एकदा संध्याकाळी दादरला ब्रिजवर उभं राहावं.

तुकड्यातुकड्यानं चालतं. आपल्याकडे यासाठी फार जुना शब्द आहे, शतपावली. जेवणानंतर तासाभरात रक्तातली साखर चढायला लागते. नेमके त्याच वेळी मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू हलले, तर ते ती साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनची फार मिनतवारी करत नाहीत. म्हणजे माझ्यासारख्या इन्सुलिन रुसलेल्या माणसाला मागचा दरवाजा मिळाला. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आजी अंगणात घालत होती, आपण ऑफिसच्या जिन्यात घालू.

डब्यातही असाच थोडासा बदल पुरतो. डबा वाईट नाही, घरचा डबा ही तर मोठी चैन आहे. मात्र तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वर भात म्हणजे पिठावर पीठ. एक पोळी कमी करून मटकीची उसळ वाढवली तरी दुपारची ती तीन वाजताची डुलकी हटते. खरा गोंधळ डब्याबाहेर आहे. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, झाली चाळीस ग्रॅम. त्यात कोणाच्या बढतीचे पेढे, कोणाच्या वाढदिवसाचा केक. नाही म्हटलं तर “काय राव, आमचा पेढा चालत नाही का?” ऑफिसातला पेढा खाद्यपदार्थ नसतोच, तो जनसंपर्क असतो! मी अर्धा घेतो आणि तोंडभर अभिनंदन करतो.

मानदुखी आणि डोळ्यांबद्दल फार सांगत नाही, त्याची पत्रकं जिथेतिथे मिळतात. लॅपटॉपखाली चार जाड फाइली ठेवून पडदा नजरेच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा जोडा, आणि मधूनमधून खिडकीबाहेर लांब बघा. पडद्यावर खिळलेला माणूस पापण्या मिटायला विसरतो, डोळे कोरडे पडतात. संपलं.

आता यश. उशिरापर्यंत बसणारे पुढे जातात हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. जातात. पाहिलंय. साहेब निघेपर्यंत संगणक उघडा ठेवून बसलेल्यांचे गोपनीय अहवाल उत्तम गेलेले पाहिलेत. पण त्यांचे रक्तदाबही मीच पाहिलेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून काढलेला हिशेब असा: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तासवाल्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्क्यांनी. यात लोकलचे तास धरलेले नाहीत. याउलट एका ऑफिसातले लेखापाल मला आठवतात. मार्च अखेर असो की ऑडिट, एक वाजला की ड्रॉवर बंद, डबा उघडा, मग इमारतीला दोन फेऱ्या. संध्याकाळी वेळेवर घरी. म्हणायचे, “जो ताळेबंद दुपारी जुळत नाही, तो रात्री दहाला काय जुळणार?” निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या रजेच्या खात्यावर फारसं काही शिल्लक नव्हतं. लोक हसले. मी त्यांच्या तपासणीचे कागद पाहिले होते, मी हसलो नाही.

आणि रविवार! तो आपल्याला काही निसर्गानं दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून १८८४ पासून मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. मधे सहा वर्षं गेली. आजकाल रविवारी सकाळी साडेनऊला ग्रुपवर साहेबांचा मेसेज येतो, “सहज विचारतोय, घाई नाही.” त्या ‘घाई नाही’नं पोह्यांची चव जाते. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २०२० पासून सगळे शनिवारही मिळाले, चांगलं झालं. मात्र त्या बदल्यात रोजचा दिवस लांबला.

मघाशी मी तुम्हाला उभं राहायला सांगितलं आणि तुम्ही राहिलात. उद्या अकरा वाजता ऑफिसात, कोणी न सांगता, असे उभे राहाल? दोन फेऱ्या मारून याल? उठायला मिनिटभर पुरतं, अडतं ते मुभेपाशी. इथे आपण नेहमी चुकतो. सगळी पत्रकं माणसाला सांगतात की तू ऊठ, तू चाल, तू पाणी पी. त्याच्या टेबलाच्या पलीकडे कोण बसलंय, हे कोणी विचारत नाही.

लंडनमध्येच, व्हाइटहॉल नावाच्या सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर, हे विचारलं गेलं. १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या तब्येतीची नोंद ठेवली. आपला सगळ्यांचा समज काय? साहेबाला टेन्शन, म्हणून झटका साहेबाला. शिपाई बिचारा निवांत. निघालं उलटं. शिपाई, दरवान अशा तळच्या श्रेणीतल्यांचं मृत्यूचं प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या साधारण तिप्पट. मधल्यांचं मधलं, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारखं. बरं, हे काही भुकेकंगाल लोक नव्हते. पक्की नोकरी, पेन्शन, सरकारी दवाखाना सगळ्यांना. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं जमेस धरलं तरी निम्माही फरक भरून निघेना. १९८५ साली मायकेल मारमट यांनी दुसरी फेरी सुरू केली, १०,३०८ माणसं, आता स्त्रियाही. त्यात हाती लागलेल्या धाग्यांपैकी एक असा, की आपलं काम कसं, केव्हा, कोणत्या क्रमानं करायचं यात ज्याला काडीचाही शब्द नाही, त्याचं हृदय लवकर थकतं. कामाचा बोजा दोघांवर असेल, पण साहेब दार लावून घेऊ शकतो. शिपाई घंटीवर बसलेला असतो.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी एका ऑफिसात कळायला हवं होतं. नाव सांगत नाही. तिसरा मजला, चौदा-पंधरा बायका. बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या मजल्यावर, बाहेरचे लोक वापरतात म्हणून कुलूपबंद, आणि किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये. प्रत्येक वेळी भर ऑफिसात त्यांच्या टेबलाशी जाऊन मागायची. ते मान वर करून घड्याळाकडे बघत आणि मग ड्रॉवर उघडत. एवढंच. कधी नाही म्हटलं नाही. मी दर वर्षी त्याच बायकांच्या लघवीच्या जंतुसंसर्गाची नोंद करत होतो, गोळ्या देत होतो आणि खाली ठसठशीत लिहीत होतो, ‘पाणी भरपूर प्या’.

आवक-जावक टेबलावरच्या बाई एके वर्षी तो कागद वाचून म्हणाल्या, “डॉक्टर, पाणी प्यायचं लिहिलंत. पुढची सोयही लिहा की.”

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी किल्लीचं सांगितलं. मी ऑफिसला रीतसर पत्र लिहिलं, की किल्ली सर्वांना घेता येईल अशी भिंतीवर टांगावी. पुढल्या वर्षी विचारलं तर बाई म्हणाल्या, “पत्र मीच आवक केलं, नंबर सांगते. पुढं कुठं गेलं ते मलाही सापडलं नाही.” त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मीही पाठपुरावा केला नाही. गोळ्या लिहिणं सोपं होतं.

चौथ्या वर्षी गेलो तर अधीक्षकांच्या खुर्चीत त्याच बाई. बढती मिळाली होती. मी अभिनंदन केलं, अर्धा पेढा घेतला. त्यांनी बोटानं दाराशेजारची भिंत दाखवली. एक खिळा, त्याला लाल नाडीत बांधलेली किल्ली.

“केव्हा झालं हे?”

“चार्ज घेतला त्याच दिवशी, साडेदहाला.”

खिळा जरा वाकडा होता. मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, “पंचिंग मशीननं ठोकलाय. हातोडी हवी असती तर मागणीपत्र भरावं लागलं असतं.”