स्वस्त इंजिनाची पारख



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. मालकांचे हिशेब तपासण्यात हयात गेली. पण घरच्या खेळातल्या रेल्वेसाठी इंजिन घेताना आम्हीच चुकलो. काटकसर करून लांबलचक, रुबाबदार इंजिन आणले. आमच्या मेजावरचे वळण ३७१ मिलिमीटर त्रिज्येचे. मोठ्या इंजिनांना बहुधा ४३८ तरी लागते. दर फेरीला ते घसरे. नातू काही बोलला नाही; तेच मनाला लागले.

तेव्हा आधी रूळ मोजा, मग दुकानात जा. एचओ मापाच्या रुळांतले अंतर १६.५ मिलिमीटर, एन मापाचे ९. एकाचे इंजिन दुसऱ्यावर चालत नाही. वळण अरुंद असेल, तर सहा चाकांचे आखूड इंजिन घ्या. मोटारीला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. सर्व चाके वीज घेतात ना, हे विचारा. नाहीतर सांध्यावर गाडी अडते. जुने इंजिन घ्यायला हरकत नाही. पण डोळ्यांदेखत संथ चालवून पाहा, सुटे भाग मिळतात का तेही विचारा.

किंमत एकदाच द्यावी लागते. अडून बसलेले इंजिन रोज वसुली करते. आमचे दुसरे इंजिन छोटे, जुने, बेढब आहे. पण ते चालते, आणि शिट्टी नातू स्वतःच्या तोंडाने वाजवतो.