वळण कुणी आखलं?



लॉस एंजेलिसला तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची सून असेल. विमानतळावरून 405 नंबरच्या फ्रीवेनं उत्तरेकडे निघालं की थोड्याच वेळात 10 नंबरचा आडवा येतो. तिथल्या तीन मजली इंटरचेंजला मॅरिलिन जॉर्गेन्सन रीस यांचं नाव आहे. या बाई ना गव्हर्नर, ना सिनेमातल्या. राज्याच्या महामार्ग खात्यात इंजिनिअर. 1954 साली कॅलिफोर्नियात सिव्हिल इंजिनिअर म्हणून नोंदणी झालेल्या पहिल्या स्त्री. 1964 साली खुला झालेला हा इंटरचेंज त्यांनीच आखलेला. 2004 साली त्या वारल्या, त्यानंतर त्याला त्यांचं नाव मिळालं.

त्यांनी आखलेल्या वळणांना त्यांचं नाव! हे निसटू देऊ नका, मी पुन्हा इथंच येणार आहे.

लग्नाची जुनी पंगत आठवा. एक भाताची परात घेऊन निघालाय, समोरून दुसरा मठ्ठा घेऊन येतोय, कुणाचा कुणाला धक्का नाही. पानांच्या रांगा कुणी आखल्या, मधली वाट किती रुंद ठेवायची हे कुणी ठरवलं, जेवणारा विचारतो का? मठ्ठा अंगावर सांडला तरच विचारतो! रीसबाईंनी तर वाढप्याला पाऊलही आखडावं लागू नये अशी सोय केली. वळणं इतकी लांब आणि सैल, की ताशी 55 मैलांचा वेग तसाच ठेवून गाडी एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जावी. अर्थात, रस्ता मोकळा असला तर. संध्याकाळी तिथं अख्खी पंगतच खोळंबते, पण तो दोष आखणीचा नव्हे. रेनर बॅनम या ब्रिटिश समीक्षकानं 1971 च्या आपल्या पुस्तकात या इंटरचेंजला कलाकृतीचा मान दिलाय.

आता आपल्याकडची कोनशिला वाचा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती. नावावरून महिनाभर भांडतो आपण, हे नाव की ते नाव! पण वळण कुणी आखलं, हे तुम्ही कधी विचारलंत? मुकादमाचं सोडा, मुख्य अभियंत्याचं तरी? पुन्हा सांगतो, वळण कुणी...

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात हलतोय, वेळ संपली. बांधकामाच्या जागेवर रेसिडेंट इंजिनिअर म्हणून उभ्या राहणाऱ्याही महामार्ग खात्यातल्या पहिल्या स्त्री रीसबाईच. त्या कामाबद्दल बोलायचं होतं, ते राहिलंच.