घामाचे शास्त्र कोणासाठी?

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर ऑलिंपिकनंतर पदकांचा हिशेब मांडला जातो आणि खेळाडूंसाठी प्रयोगशाळा, आहारतज्ज्ञ व शरीरक्रियाशास्त्रज्ञ हवेत अशी मागणी होते. ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून आपण नाक मुरडू नये. या शास्त्राचे मूळ कष्टकऱ्यांच्या श्रमातच आहे.

हार्वर्ड विद्यापीठात 1927 साली थकव्याचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा निघाली. माणूस काम करताना का थकतो, हा तिचा प्रश्न होता. त्यामागील उद्योगपतींच्या हेतूंविषयी भोळे राहण्याचे कारण नाही. परंतु बोस्टन मॅरेथॉन 7 वेळा जिंकणारा क्लॅरेन्स डीमार तेथेच तपासला गेला, आणि तो छापखान्यातील कामगार होता. 1932 मध्ये तेथील संशोधक नेवाडाच्या वाळवंटातील बोल्डर धरणावर गेले. घामावाटे जाणारे मीठ आणि उन्हाने येणारे पेटके यांचा संबंध त्यांनी तेथे अभ्यासला. आजच्या खेळाडूच्या हातातील क्षारयुक्त पेयामागे अशा मजुरांचाही घाम आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे हे शेतकरी कुटुंबातील. बारावीनंतर ते लष्करात गेले आणि तेथे त्यांच्यातील धावपटू पुढे आला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांचे सुवर्णपदक अवघ्या 5 शतांश सेकंदांनी हुकले. या पातळीवर उंच प्रदेशातील सराव, आहार, दुखापतीवरील उपचार यांचे मोल निर्विवाद आहे. पण प्रश्न असा की लष्कराची भरती झाली नसती तर? शास्त्र शिखरावर उभे राहून वाट पाहत असते. पायथ्याशी गळून पडणाऱ्यांची नोंद कोणी ठेवत नाही.

ही गळती रक्तापासूनच सुरू होते. स्नायूंना प्राणवायू पोहोचवते ते हिमोग्लोबिन. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 54 टक्के रक्तक्षयी आहेत. धावपटूच्या रक्तातील प्राणवायू वाढावा म्हणून तिला डोंगरावर न्यायचे आणि तिच्या गावातील मुलींना लोहाची गोळीही वेळेवर मिळू नये, हे कसले नियोजन?

आपल्या नागपुरात वैशाखात पारा 45 अंशांपुढे जातो. शरीराला उन्हाची सवय होण्यास साधारण 10 ते 14 दिवस लागतात आणि श्रम हळूहळू वाढवावे लागतात. खेळाडूसाठी हे वेळापत्रक काटेकोरपणे आखले जाते. रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराला मात्र पहिल्याच दिवशी पुरे काम द्यावे लागते. शरीर तेच, शास्त्र तेच. फरक आहे तो केवळ किमतीचा.

शिखरावरील खेळाडूही सुखात आहे असे समजू नका. 2006 च्या आशियाई स्पर्धेनंतर लिंगचाचणीच्या नावाखाली शांती सौंदराजन या तमिळ मजूर कुटुंबातील धावपटूचे रौप्यपदक काढून घेतले गेले आणि तिची जाहीर विटंबना झाली. उत्तेजक द्रव्यांचा मोह गरीब घरातील खेळाडूला अधिक ग्रासतो, कारण पदकावर त्याची नोकरी अवलंबून असते. माणसाला पदक काढणारे यंत्र मानले की शास्त्र पहारेकरी बनते, वैद्य राहत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शालेय क्रीडास्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची रक्ततपासणी आणि नंतर उपचार व्हावेत. जिल्हा क्रीडासंकुलात शरीरक्रियाशास्त्र जाणणारा एक तरी कायम कर्मचारी असावा. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि उन्हाविषयीचे निष्कर्ष रोजगार हमीच्या कामांना लागू करावेत. खेळाडूच्या शरीराविषयीची माहिती त्याच्या संमतीवाचून कोणी वापरू नये.

पदके जरूर यावीत. मात्र मजुरांच्या घामातून वाढलेले शास्त्र त्यांच्या मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे. हे दान नव्हे. तो त्यांचा हक्क आहे, आणि तो मिळवून देणे हे तुमचे-आमचे काम आहे.