रानाची हजेरी



आम्ही कामगार संघटनेची माणसे. आमचा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. पावसाळी रानातल्या आवाजांवर आम्ही काय बोलणार, असे कोणास वाटले तर नवल नाही. पण कान कसा तयार होतो, हे मागवाल्याला विचारावे. भोवती इतके माग चालू असता आपल्या मागाचा धोटा अडखळला, की त्याला बरोबर कळते. रानात ऐकायचे ते याच कानाने.

सह्याद्रीतल्या आंबोलीस वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे जुलैतल्या रात्री प्रथम नुसता गोंगाट वाटतो. पाव तास गप्प उभे राहिले, म्हणजे त्याचे धागे सुटे होतात. ओढ्याचा घोष सर्वांच्या खाली, मध्ये झुडपी बेडकांची टकटक, वर रातकिड्यांची किरकिर. पहाटे शीळकरी कस्तुर गाऊ लागला, की त्याची शीळ ओढ्याच्या घोषातूनही स्वच्छ येते. जुन्या रानात प्रत्येक जीव आवाजातली आपापली जागा धरून असतो, असे बर्नी क्राउस या अमेरिकन ध्वनिमुद्रकाचे मत आहे. आमच्या सभांना ते अजून साधलेले नाही!

परंतु नुसत्या ऐकण्याने भागत नाही. चळवळीत आम्ही एक गोष्ट शिकलो: तोंडी तक्रार हवेत विरते, तारीख घातलेली नोंद टिकते. आंबोलीच्या कातळांवर पावसाच्या आरंभी एक लहानसा टोड ओरडतो. शास्त्राने त्याला वेगळी जात म्हणून नाव दिले ते २००९ साली. त्याआधीही तो ओरडतच होता. हजेरीपुस्तकात त्याचे नाव नव्हते, इतकेच. ज्याचे नाव पटावर नाही, तो कामावरून गेला तरी कोणाला कळत नाही.

म्हणून आवाज मुद्रित करावा. त्याला फार भांडवल लागत नाही. खिशातला मोबाईलही आरंभाला पुरतो. छत्रीखाली मुद्रण करू नये, थेंबांच्या ताशात बाकी सारे बुडते; सर ओसरण्याची वाट पाहावी. शेवटी ठिकाण, तारीख, वेळ आणि पावसाचे मान आपल्याच तोंडाने सांगून ठेवावे. मुद्रित आवाज पुन्हा वाजवून पाखरांना फसवू नये. विणीच्या दिवसांत त्यांना तो छळ होतो.

लवकरच मृग लागेल. आपल्या गावाजवळची एक राई, एक ओढा धरा. दरवर्षी तीच जागा, तीच घटका. पुढे तिथे कुऱ्हाड पडली, तर कोण कोण नाहीसे झाले, हे सांगायला तुमची नोंद उभी राहील.